वारीच्या वाटेवर शरीर आणि मन काय कमावते

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, आणि दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. एक नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात, दुसरी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात. या दिवसांत असंख्य पुणेकर आळंदी ते पुणे हा टप्पा चालतात, आणि काही जण पुढे हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडपर्यंत जातात व रात्री बसने घरी परततात. त्या एका दिवसाचा आनंद खरा असतो. मात्र सुमारे 250 किलोमीटरची पूर्ण वाट चालणाऱ्याच्या शरीरात आणि मनात जे बदल घडतात, त्यांपैकी बहुतेक एका दिवसात घडूच शकत नाहीत, कारण ते लागोपाठच्या दिवसांचे आणि लागोपाठच्या सोबतीचे फळ असते. शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या आधारे हा फरक समजून घेता येतो.

मुळात माणसाचे चालणे ही विलक्षण काटकसरीची क्रिया आहे. जमिनीवर टेकलेल्या पायावरून आपले धड उलट्या लंबकाप्रमाणे पुढे झुकते. पाऊल टाकताना शरीर किंचित वर जाते आणि त्याचा वेग कमी होतो, मग खाली येताना तोच वेग परत मिळतो. ऊर्जेच्या या देवाणघेवाणीमुळे प्रत्येक पावलासाठी स्नायूंना नव्याने करावे लागणारे काम बरेच कमी होते. ताशी साडेचार ते पाच किलोमीटरच्या आसपास ही बचत सर्वाधिक असते, आणि कोणी न सांगता माणसे त्याच वेगाच्या जवळपास चालतात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालण्यासाठी ढोबळमानाने 50 किलोकॅलरी लागतात. म्हणजे वीस किलोमीटरचा टप्पा हजारेक किलोकॅलरींत पूर्ण होतो, आणि दिंडीतल्या भाकरी-पिठल्यावर तो सहज भागतो.

डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन तासन् तास चालणाऱ्या माउली पाहिल्या की त्यांना हे कसे साधते, असा प्रश्न पडतो. केनियातील लुओ आणि किकुयू समाजांतील स्त्रियांवरील 1986 सालचे एक संशोधन या संदर्भात महत्त्वाचे आहे. आपल्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे डोक्यावर किंवा कपाळावरच्या पट्ट्याने वाहताना त्यांना जादा प्राणवायू लागत नाही, असे त्या मोजमापांत आढळले, आणि पुढे 1995 साली त्याचे कारणही स्पष्ट झाले: ओझ्याखाली त्यांच्या चालण्यातील लंबकाची देवाणघेवाण आणखी सुधारते. हे कौशल्य बालपणापासूनच्या सवयीतून येते. ज्याला ती सवय नाही, त्याने मानेवर हा प्रयोग करू नये.

वारीच्या पहिल्या आठवड्याची खरी परीक्षा स्नायूंची असते. सवय नसलेल्या श्रमानंतर स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्याची ठणक लगेच न जाणवता 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक वाढते. त्यामुळे एका दिवसाचा वारकरी पाय दुखायला लागण्याच्या सुमारास घरी पोहोचलेला असतो आणि त्याच्या वाट्याला केवळ दुखणे येते. जो चालत राहतो, त्याला पुढचा भाग अनुभवायला मिळतो: एकदा या श्रमातून सावरलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच श्रमाने तितका दुखावत नाही. याच काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी जास्त रक्त पुढे ढकलले जाते आणि त्याच वेगाने चालताना नाडी पूर्वीपेक्षा संथ पडते. दोन-तीन आठवड्यांत स्नायूपेशींमधील तंतुकणिका, म्हणजे अन्नापासून ऊर्जा तयार करणारी पेशीअंगके, वाढू लागतात आणि चरबीचा इंधन म्हणून वापर अधिक होऊ लागतो. फलटण ओलांडल्यावर चाल हलकी झाल्याचे नवे वारकरी सांगतात, ते या बदलांशी पूर्णपणे जुळते.

येथे परंपरेने आखलेल्या मुक्कामांचे मला विशेष कौतुक वाटते. माउलींच्या पालखीच्या वाटेवर पुण्यात दोन रात्री आणि पुणे-सासवड या सर्वांत लांबच्या, घाटाच्या टप्प्यानंतर पुन्हा सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. शरीर बळकट होते ते श्रम करताना नव्हे, श्रमानंतरच्या विश्रांतीत. आणि ज्या ठिकाणी विश्रांतीची निकड सर्वाधिक असते, नेमक्या त्याच ठिकाणी ती ठेवलेली आहे.

मधुमेहाच्या दृष्टीने चालण्याचा लाभ सर्वांत लवकर दिसतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातील ग्लुकोज स्वतः आत ओढून घेतो, आणि चालणे थांबल्यानंतरही पुढचे एक-दोन दिवस शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. वारीत रोज चालणे असल्यामुळे हा परिणाम ओसरण्यापूर्वीच त्यावर पुढच्या दिवसाची भर पडते. मात्र याच कारणाने इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर वाटेत धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. अशा व्यक्तींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे, खिशात गूळ किंवा साखर ठेवावी आणि रोज रात्री तळपाय नीट तपासावेत, कारण पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला फोड आल्याचे कळतही नाही. पावसात भिजलेली त्वचा चप्पल-बुटाला अधिक घासली जाते, तेव्हा कोरडे मोजे सोबत असणे गरजेचे आहे.

आता सोबतीकडे वळू, कारण माझ्या मते वारीचा सर्वांत मोठा लाभ तिच्यातच आहे. दिंडीत टाळ, मृदंग आणि पावले एका लयीत चालतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकानयनपटूंवर 2010 साली झालेल्या एका प्रयोगात तेच खेळाडू तितकाच व्यायाम एकदा एकट्याने आणि एकदा संघासोबत लयीत करत होते. एकत्र व्यायामानंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली. लयबद्ध सामूहिक हालचालीमुळे मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे वेदना शमवणारी नैसर्गिक रसायने, अधिक स्रवत असावीत, असा त्यावरून संशोधकांचा तर्क आहे. नुसत्या संथ चालण्याने येणारी रासायनिक धुंदी फारशी नसते, ती जोमदार धावण्यात अधिक असते. तेव्हा ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या गजरात थकवा विसरायला लावणारी गोष्ट पायांपेक्षा त्या लयीत शोधायला हवी. एका पावलात चाललेली माणसे नंतर एकमेकांशी अधिक सहकार्याने वागतात, हेही 2009 सालच्या प्रयोगांत दिसले आहे.

तीर्थयात्रेचा परिणाम थेट मोजणारा एक महत्त्वाचा अभ्यास भारतातच झाला. प्रयागच्या माघ मेळ्यात कडाक्याच्या थंडीत महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींची भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मेळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी केली आणि मेळ्याला न गेलेल्यांशी तुलना केली. उघड्यावरची थंडी, गोंगाट, अपुऱ्या सोयी हे सारे सोसूनही, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कल्पवासींचे स्वास्थ्य न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारले होते. आपण सारे एक आहोत ही भावना आणि तिच्यातून मिळणारा आधार हे त्याचे प्रमुख कारण संशोधकांनी मांडले. प्रयाग आणि पंढरीची वाट या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून त्याच्या पाया पडण्याच्या रीतीत हीच भावना रोज घट्ट होत असावी, असे मानायला जागा आहे.

ही एकता आपोआप परिपूर्ण होते, असे मात्र समजू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी स्वतः वारी केली, तेव्हा दिंड्यांमध्ये जातीनुसार वेगळेपणा आणि वेगळ्या पंगती पाहून त्यांना झालेली व्यथा त्यांनी स्पष्टपणे नोंदवून ठेवली आहे. सोबतीचा आधार ज्याला पंगतीबाहेर ठेवले त्याला कसा मिळेल, हा प्रश्न विज्ञानाच्या अंगानेही तितकाच खरा आहे.

मनाला मिळणाऱ्या विसाव्याचे आणखी एक कारण दिनक्रमात आहे. पहाटेची काकड आरती, ठरलेले विसावे, हरिपाठ, आणि संध्याकाळच्या समाजआरतीत चोपदाराने दंड उंचावताच पसरणारी शांतता. त्याच आरतीत हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात आणि दिंड्यांच्या तक्रारीही ऐकल्या जातात. कुठे थांबायचे, कधी निघायचे, काय खायचे हे निर्णय माणसाला स्वतः घ्यावे लागत नाहीत. शहरात दिवसभर लहानमोठ्या निवडींत गुंतलेल्या मनाला लाभणारी ही मोकळीक, माझ्या मते, सुट्टीतल्या सहलीतही सहसा मिळत नाही.

पूर्ण वाट चालण्याचा विचार करणाऱ्या पुणेकराने तयारी चैत्रापासूनच सुरू करावी. स्नायू आणि हृदय काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण स्नायुबंध आणि हाडे यांना महिने लागतात, आणि अचानक वाढवलेल्या अंतराने हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका असतो. रोजचे अंतर हळूहळू वाढवावे, वारीत घालायची पादत्राणे आधीच सवयीची करून घ्यावीत, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी. परत आल्यावर चालणे बंद केले तर साखरेवरचा परिणाम दोन-तीन दिवसांत आणि तंतुकणिकांमधील वाढ काही आठवड्यांत ओसरते. दर वद्य एकादशीला पुण्याहून आळंदीला पायी जाणारी मंडळी अनेक पेठांत आणि उपनगरांत आहेत. महिन्यातून एकदाचे ते चालणे शरीराला पुरेसे नाही, त्याला रोजच्या अर्ध्या तासाची जोड हवीच. परंतु वाटेवर जुळलेली सोबत त्यामुळे पुढच्या ज्येष्ठापर्यंत टिकून राहते.