टोमाहॉक घडवला कुणी?

आज हौशी लोहार भट्टीवर जो टोमाहॉक, म्हणजे एका हाताने चालवायची हलकी कुऱ्हाड, घडवतात, तो उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या दगडी कुऱ्हाडीपेक्षा सतराव्या-अठराव्या शतकातल्या कातड्यांच्या व्यापाराला जवळचा आहे. युरोपीय लोहारांनी घडवलेली लोखंडी पाती बीव्हर या दाट केसांच्या पाणप्राण्याच्या कातड्यांच्या मोबदल्यात गावोगाव पोहोचली. लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती दुमडायची, टोकांच्या मध्ये पोलादाची चीप सारायची आणि हातोड्याखाली सगळे एकजीव करायचे. नुसत्या मऊ लोखंडाला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून पाण्यात बुडवले तरी ते कडक होत नाही, आणि पोलाद महाग, म्हणून ते धारेपुरतेच. दांड्यावर पितळी खिळ्यांची नक्षी, तापल्या कानशीचे चटके, मणी, कातडे. अठराव्या शतकात पात्यामागे चिलीम आली आणि धूर ओढण्यासाठी दांडा पोकळ झाला.

मग ही वस्तू कुणाची? पाते गोऱ्या लोहाराचे, म्हणून शस्त्रही त्याचेच, असा युक्तिवाद अजून होतो. मला तो पटत नाही. 1804-05च्या हिवाळ्यात, आजच्या नॉर्थ डकोटात, पश्चिमेकडे निघालेल्या अमेरिकी सरकारी मोहिमेकडे धान्य कमी पडत होते. मोहिमेच्या लोहाराने तिथल्या मंडन आणि हिदात्सा या मूलनिवासी लोकांसाठी लढाईच्या कुऱ्हाडी घडवल्या आणि मोबदल्यात मिळालेल्या मक्यावर तळ तगला. मोहिमेच्या एका प्रमुखाने तो घाट गैरसोयीचा असल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले. पाते फार पातळ, फार लांब. तरी घडली गिऱ्हाइकाला हवी तशीच. घाट ठरवणारा, दांडा सजवणारा आणि शस्त्र वापरणारा मूलनिवासीच होता. 1806 मध्ये परतीच्या वाटेवर मोहिमेला त्याच भट्टीतली कुऱ्हाड रॉकी पर्वतापलीकडच्या नेझ पर्स लोकांकडे दिसली.

विसाव्या शतकात व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांनी टोमाहॉक पुन्हा कमरेला लावला. 1970च्या सुमारास गोऱ्या वसाहतींच्या जुन्या सरहद्दीवरचे जीवन जगून पाहणाऱ्यांचे मेळे वाढले आणि हातघडणीला गिऱ्हाईक मिळाले. त्याच काळात नकली ‘इंडियन’, म्हणजे मूलनिवासींचा म्हणून खपवलेल्या, मालाचा प्रश्न चिघळला. अशा मालाविरुद्धचा 1935चा कायदा दुबळा निघाला होता. 1990च्या कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. टोमाहॉक घडवायला कुणालाच बंदी नाही. मूलनिवासी कारागिराचा माल म्हणून तो खोटेपणाने विकणे एवढाच गुन्हा आहे, आणि लोहाराच्या हक्कावर घाला म्हणून या कायद्यावर होणारी टीका नेमका हाच फरक वगळते.