महाबळेश्वरातलं हॉटेल आणि पाण्याचं गणित

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये तिथे पाण्याची ओढाताण असते. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, पाणी पितो, पण फार काळ धरून ठेवत नाही. दिवाळी उलटली की झरे बारीक होत जातात. हॉटेलं गच्च भरतात ती नेमकी मे महिन्यात. त्यामुळे इथे हॉटेल आखणाऱ्या आर्किटेक्टने कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी पाण्याचा हिशेब मांडावा, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 200 चौरस मीटर छपरावर वर्षाला 11 लाख लिटर पडतं. अडचण आहे ती साठवणीची. वीस खोल्या आणि चाळीस पाहुणे धरा. साध्या हॉटेलसाठी माणशी रोज 180 लिटर धरायचा प्रघात आहे. दिवसाला 7,200 लिटर, दोन महिन्यांना 4 लाख 32 हजार. एवढ्यासाठी 12 मीटर लांब, तितकीच रुंद आणि 3 मीटर खोल टाकी लागेल. डोंगरउतारावर असा खड्डा खणणं खर्चिक आणि धोक्याचंही. मात्र कमी पाण्याचे शॉवर बसवून, अंघोळीचं पाणी शुद्ध करून फ्लशला वळवून माणशी वापर 100 लिटरवर आणला, तर टाकी जवळजवळ निम्मी होते. म्हणून नळ कोणते बसवायचे हे टाकी खणायच्या आधी ठरायला हवं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा फरशीनंतर ठरतं.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. वरून येणारा पाऊस छप्पर झेलतं. घाटमाथ्यावर मात्र वाऱ्याबरोबर तो आडवा येतो आणि वाऱ्याच्या दाबाने पाणी भिंतीच्या बारीकसारीक फटींत घुसतं. यावर इथल्या लोकांनी फार पूर्वी उपाय शोधला: पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या. थेंबाचा जोर गवतावर मोडतो, पाणी काडीकाडीवरून खाली ओघळतं, आणि झड व भिंत यांच्यामध्ये हवा खेळती राहते. त्यामुळे भिंत कमी भिजते आणि भिजली तरी सुकते. आजचे अभियंते इमारतीला दुहेरी कवच देतात, बाहेरचा पडदा आणि मागे मोकळी फट, तेव्हा तत्त्व हेच असतं. आता गवताऐवजी प्लॅस्टिकचा कागद घट्ट ताणून लावलेला दिसतो. तो पाणी अडवतो, पण हवाही अडवतो; आत ओल कोंडते आणि बुरशी धरते.

जांभ्याच्या भिंतीचंही तसंच. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण अंगभर छिद्रं राहतात. त्यावर चुन्याचा गिलावा दिला तर आत गेलेली ओल वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंट आणि वरून प्लॅस्टिक पेंट दिला की ती अडकते आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटू लागतात.

उताराची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. जांभ्याखाली अनेक ठिकाणी चिकणमातीचा थर असतो. वरून झिरपलेलं पाणी त्यावर साचतं, आणि खोल्यांना दरीचं दृश्य मिळावं म्हणून पायथा कापलेला असेल तर वरचा भाग घसरायला वाट मिळते. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मीरगाववर दरडी कोसळल्या, माणसं गेली. शिवाय हा कोयनेचा टापू. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप इथे कोणी विसरलेलं नाही. दगडी भिंतीला जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा हवाच.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच वर्षांची पदवी आणि 1972 च्या वास्तुविशारद कायद्याखालची वास्तुकला परिषदेची नोंदणी लागतेच. पण हॉटेलचं काम शिकायचं तर बांधून झालेली इमारत ऑगस्टमध्ये जाऊन पाहावी. लॉन्ड्रीत चादरी किती दिवसांनी सुकतात, गरम पाण्याला किती वीज जाते, हे तिथल्या माणसांना विचारावं. धुक्यात सोलर हीटर जवळपास निरुपयोगी ठरतो. तिथे हीट पंप बसवला तर एका युनिट विजेत हवेतली उष्णता ओढून सुमारे तीन युनिटांएवढं काम होतं.

सांगलीत कृष्णेकाठी लॉज बांधायचं असेल तर हीच नजर खाली वळवावी लागते. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा गावात मीटरचा बोर्ड आणि जनरेटर तळमजल्यावर असतील तर पूर ओसरल्यावरही लॉज चालू होत नाही. ते वरच्या मजल्यावर न्यावेत, पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली न ठेवता गच्चीवर घ्यावी, म्हणजे वीज नसतानाही खालच्या नळाला पाणी येत राहतं.