गुराच्या कानातला बिल्ला पडला किंवा पुसला गेला, तर काय करायचं?

संध्याकाळी गुरं सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, परतली की दावणीला बांधताना आधी त्यांच्या कानांवर नजर टाका. करवंदीच्या जाळीत कान अडकतो, एक म्हैस दुसरीचा कान ओढते, गोचीड झाली की जनावर खांबाला कान घासत राहतं. मग कधीतरी पिवळा बिल्ला दिसत नाही, उरतं ते फक्त भोक. आपल्याकडे कोकणात भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, त्यामुळे बिल्ला नेमका कधी पडला हेही कळत नाही. तरी ज्या दिवशी लक्षात येईल, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो आणि तोच क्रमांक सरकारच्या ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नोंदवलेला असतो. लाळ्या-खुरकूतची लस कधी दिली, कृत्रिम रेतन कधी झालं, पाडी कोणत्या गाईची, हे सगळं त्या क्रमांकाखाली सापडतं. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅग (म्हणजे हाच बिल्ला) नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. सरकारी दवाखान्याच्या सेवांसाठीही टॅग लागतो. नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं, तर भरपाई टॅग असेल तरच मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत आपत्तीत दगावलेल्या दुधाळ गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,००० आणि शेळीला ४,००० रुपये मदत धरली होती. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराचं पाणी कसं चढलं ते आपण पाहिलंय. पंचनामा चालू असताना पडलेला बिल्ला शोधत बसायची वेळ कुणावरही येऊ नये.

आता मुख्य मुद्दा. दवाखान्यात गेल्यावर ‘नवीन टॅग मारा’ एवढंच सांगू नका. ‘टॅग बदलायचा आहे, जुना क्रमांक हा’ असं स्पष्ट सांगा. नुसती नवी नोंदणी झाली, तर तेच जनावर प्रणालीत दोनदा दिसतं: एक जुनं, ज्याच्या लसी आणि वेत (विण्याच्या वेळा) नोंदलेले आहेत, आणि एक कोरं. टॅग बदलाची नोंद केली की नवा क्रमांक जुन्याच्या जागी येतो आणि मागचा इतिहास त्याला जोडलेला राहतो. आमच्या गोठ्यातल्या एका गाईची घाईगर्दीत नवीन नोंदणी झाली. तिच्या आधीच्या दोन वेतांची माहिती नव्या क्रमांकाखाली दिसेना. ती दुरुस्त करून घ्यायला आम्हाला तीन खेपा माराव्या लागल्या, त्याही भातलावणीच्या दिवसांत.

टॅग बदलाचा अर्ज जनावराच्या नोंदणीकृत मालकाने करायचा. नुकतंच विकत घेतलेलं जनावर असेल आणि नोंद अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर आधी मालकी हस्तांतरण करून घ्या. विक्रीच्या दाखल्यावर टॅग क्रमांक लिहिलेला असतो, म्हणून तो दाखला सोबत न्या. याशिवाय आधार कार्ड आणि नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाईल नंबरचा फोन जवळ ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि जुना क्रमांक आठवत नसेल तर त्या नंबरवरून तुमच्या नावावरची जनावरं शोधता येतात. मुलगा मुंबईला आणि नोंद त्याच्या नंबरवर, अशी घरं आपल्याकडे खूप. तसं असेल तर त्याला फोनवर हजर राहायला सांगा. जुना क्रमांक लसीकरणाच्या नोंदीवर, आरोग्य पत्रिकेवर किंवा विमा पॉलिसीवर मिळतो. तुटलेल्या बिल्ल्याचा तुकडा सापडला तर तोही न्या. साध्या कागदावर अर्ज लिहून त्याची पोच घ्या. त्यात जनावराची जात, वय, रंग, शिंगांची ठेवण आणि बिल्ला कधी, कसा गेला हे लिहा. ‘तांबडी गाय, कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग खाली वळलेलं’ असं वर्णन पुढे ओळख पटवायला कामी येतं.

अंक पुसट झाले असतील तर बिल्ला स्वतः कापू नका. शेणामातीचा थर बसला की धड बिल्लाही कोरा वाटतो. साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा, तिरप्या उन्हात धरा आणि जवळून फोटो काढा. बऱ्याचदा अंक दिसतात. एक-दोन अंक लागतच नसतील तर अंदाजाने लिहू नका. तो क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या म्हशीचा निघू शकतो.

जनावराचा विमा असेल तर दवाखान्याइतकंच तातडीने विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीवर जुना क्रमांक आणि कानात नवा, अशा स्थितीत जनावर दगावलं तर दावा अडकतो. नवा टॅग बसल्यावर जनावराच्या तोंडवळ्यासह कानाचा फोटो काढा, डॉक्टरांकडून टॅग बदलल्याचं लेखी घ्या, दोन्ही कंपनीला द्या आणि पॉलिसीवर नवा क्रमांक चढवून मागा. चढवला, असं तोंडी सांगितलं तर त्यावर थांबू नका, कागद हातात घ्या.

टॅग कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मध्ये बसतो. जुनं भोक फाटलं असेल तर डॉक्टर दुसरी जागा निवडतात. पडलेला बिल्ला तारेने किंवा सुतळीने परत बांधू नका, आणि एकाचा बिल्ला दुसऱ्याच्या कानात तर कधीच नको. कोकण कन्याळ शेळ्यांचे कान लांब आणि लोंबते, त्यामुळे त्यांचे बिल्ले झुडपांत लवकर ओढले जातात. त्या दाटीच्या झुडपांत चरत असतील तर रोज बघत जा.

डॉक्टर नोंद करत असताना स्क्रीन बघायला मागा: नवा क्रमांक, तुमचं नाव, आणि खाली जुन्या लसी. घरी आल्यावर क्रमांक वहीत लिहा आणि गोठ्याच्या भिंतीवरही रंगाने लिहून ठेवा. पावसाळ्यात नव्या भोकावर माशी बसली की किडे पडतात. जखम सुकेपर्यंत रोज सकाळी कान उलटून बघा. सूज, पू किंवा वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, नाहीतर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.