नाजूक कातडीचं कुत्रं: मानेवरचे थेंब की पोटातली गोळी?

बुंदी आमची गावठी कुत्री. अंगावर तांबूस केस, पण पोट आणि मांड्यांची आतली बाजू अगदी गुलाबी आणि जवळजवळ उघडी. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये शेपटीच्या मुळाशी चावून चावून तिने तळहाताएवढा भाग सोलून काढला. मी दुकानात गेले आणि म्हणाले, "हिची स्किन सेन्सिटिव्ह आहे, काहीतरी सौम्य द्या." मला पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळाले. ते मी टाकले, आणि दोन दिवसांत खांद्यांच्या मधेही लाल चट्टा उठला. आता खाज दोन ठिकाणी झाली, आणि मला वाटलं की सगळं औषधानेच बिघडवलं.

तसं झालं नव्हतं. ते दोन चट्टे दोन वेगळ्या कारणांचे होते. कारणं एकत्र कालवल्यामुळे मी पुढचा दीड महिना चुकीच्या दिशेने गेले. म्हणून थेंब आणि गोळी यांची तुलना करण्याआधी "नाजूक कातडी" म्हणजे काय, ते सांगते.

कुत्र्याच्या कातडीला नाजूक म्हणताना आपण दोन गोष्टी बोलत असतो. एक म्हणजे पिसवेच्या चाव्याची ॲलर्जी. पिसू रक्त पिताना लाळ सोडते आणि काही कुत्र्यांचं शरीर त्या लाळेतल्या प्रथिनांवर भडकतं. अशा कुत्र्याला अंगभर पिसवा लागत नाहीत, थोडेसे चावेही कितीतरी दिवस खाजत राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे अंगावर लावलेलं औषध, त्यातला तेलकट किंवा अल्कोहोलयुक्त द्रव, साबण, सुगंध यांनी भडकणारी कातडी. पहिल्या प्रकारात औषध जास्त नेमाने, एकही महिना न चुकवता द्यावं लागतं. दुसऱ्यात कातडीवर काही लावणंच टाळावं लागतं. दोन्हींना "सौम्य काहीतरी" हे एकच उत्तर दिलं की पहिल्या प्रकारचं कुत्रं तळमळत राहतं, कारण सौम्य म्हणून दिलेल्या गोष्टी बहुतेकदा पिसवा पुरत्या मारत नाहीत.

ओळखायचं कसं? जागा बघा. पिसवांच्या ॲलर्जीची खाज कंबरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या आत आणि पोटाखाली असते. औषधाची प्रतिक्रिया जिथे औषध लावलं तिथेच, बहुधा एकदोन दिवसांत दिसते. तिथे लाली येते, केस चिकटतात, कधी थोडे गळतातही. पिसू दिसत नाही म्हणून ती नाहीच, असं समजू नका. ॲलर्जीचं कुत्रं इतकं चाटतं आणि चावतं की पिसवा त्याच्याच पोटात जातात. त्यापेक्षा बारीक दातांच्या फणीने कंबरेवरचे केस विंचरा, फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कणाभोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मातीचा कण असेल तर तसा डाग पसरत नाही. हे मला डॉक्टरांनी त्यांच्या टेबलावर करून दाखवलं, आणि बुंदीच्या कापसावर पाच तांबडे ठिपके उमटले.

आता थेंब. आपल्याकडे सर्वांत जास्त मिळतात ते फिप्रोनिल या कीटकनाशकाचे. कित्येकांत त्याबरोबर मेथोप्रीन असतं, ते अंडी आणि अळ्यांची वाढ थांबवतं. फिप्रोनिल कातडीवरच्या तेलात मिसळून हळूहळू अंगभर पसरतं, तेलग्रंथींमध्ये साठतं आणि तिथून महिनाभर थोडं थोडं बाहेर येत राहतं. रक्तात ते फारसं जात नाही. पिसवा साधारण 24 तासांत आणि गोचीड 48 तासांत मरतात. त्यासाठी त्यांनी चावलंच पाहिजे असं नाही, केसांतून फिरताना औषधाचा स्पर्शही पुरतो.

पण सगळी भिस्त कातडीच्या तेलावर आहे, आणि नाजूक कातडीच्या कुत्र्याचं घोडं इथेच अडतं. अशा कुत्र्यांना यीस्टसाठी (कातडीवरच्या बुरशीसाठी) किंवा जंतुसंसर्गासाठी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा औषधी शाम्पू आठवड्यातून एकदोनदा लावायला सांगतात. शाम्पू तेल काढतो आणि तेलाबरोबर फिप्रोनिलही जातं. थेंबांच्या आधी आणि नंतर 48 तास आंघोळ नको, हे पाकिटावर असतं. पण दर चार दिवसांनी आंघोळ असलेल्या कुत्र्यावर थेंबांचा महिना पुरा होत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. शिवाय थेंब सोललेल्या, ओल्या किंवा खपली धरलेल्या कातडीवर टाकायचे नसतात. मी तेच केलं होतं. बुंदीने मागच्या पायाने खांदाही ओरबाडला होता आणि केस बाजूला करून न बघताच मी त्यावर औषध ओतलं.

याचा अर्थ थेंब वाईट असा घेऊ नका. कातडी धड असेल, आंघोळ महिन्यातून एखादीच असेल, किंवा कुत्र्याला पूर्वी फिटचे झटके आले असतील (त्याचं कारण गोळीच्या धोक्यांत सांगते), तर मी थेंबच घेईन. फक्त घरात मांजर असेल तर पाकिटावर पर्मेथ्रिन हा शब्द आहे का ते बघा. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये ते असतं. गोचीड आणि पिसवांना ते दूर ठेवतं हे खरं, पण मांजराच्या यकृताला ते निचरता येत नाही आणि मांजर थरथरून मरू शकतं. कुत्र्याचे ओले केस चाटले तरी धोका आहे. ससा पाळला असेल तर त्याच्यावर फिप्रोनिल कधीही टाकू नका.

गोळीचं काम वेगळ्या वाटेने चालतं. चघळायच्या या गोळ्यांत आयसॉक्साझोलिन गटातलं औषध असतं: नेक्सगार्डमध्ये अफॉक्सोलानेर, ब्रॅव्हेक्टोमध्ये फ्लुरालानेर, सिम्पॅरिकामध्ये सारोलानेर. अमेरिकेत यातल्या पहिल्या दोघांना 2013 आणि 2014 मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे औषधांच्या हिशेबात ही पिढी तरुण आहे. गोळी पोटातून रक्तात जाते, आणि पिसू किंवा गोचीड रक्त प्यायला की तिच्या मज्जातंतूंवरचा लगाम सुटून ती मरते. कातडीवर काहीच लावलेलं नसल्यामुळे भडकायला काही नाही, आणि शाम्पू कितीही वेळा लावा, औषध धुतलं जात नाही. नेक्सगार्ड आणि सिम्पॅरिका महिन्याला एक. ब्रॅव्हेक्टोची गोळी पिसवांवर सुमारे 12 आठवडे पुरते आणि ती जेवणाच्या वेळेला द्यायची असते, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही.

इथे एक शंका हमखास येते, मलाही आली होती. पिसवेने चावल्याशिवाय गोळी काम करत नाही, आणि माझ्या कुत्रीला तर चाव्याचीच ॲलर्जी, मग गोळी तिच्या काय कामाची? शंका रास्त आहे. पण फिप्रोनिलचे थेंबही पिसवेला अंगावर चढण्यापासून रोखत नाहीत. पिसू अंगावर आली की काही मिनिटांत चावते, औषधाचा स्पर्श पुरता भिनण्याच्या आधीच. महत्त्वाचं असतं ते ती किती वेळ जगते आणि अंडी घालते का. मादी पिसू जम बसल्यावर दिवसाला 40-50 अंडी घालते. गोळी तिला काही तासांत मारते, अंडी घालायला वेळ मिळत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत घरातल्या पिसवाच संपत येतात. चावे कमी होतात ते असे. पहिल्या महिन्यात खाज लगेच थांबत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं खाजेचं वेगळं औषध डॉक्टरांकडून घ्यावं लागतं. आम्हालाही लागलं.

गोळीच्या बाजूने अजून एक गोष्ट. कातडीत खोल राहणाऱ्या डेमोडेक्स किड्यांवर आणि खरजेच्या किड्यांवरही हीच औषधं चालतात. "सेन्सिटिव्ह स्किन" म्हणून आलेल्या कुत्र्याला खरं तर खरूज असते, असंही होतं. त्यामुळे खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तपासून घ्यायला हरकत नसावी.

आता गोळीचे धोके. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सप्टेंबर 2018 मध्ये या संपूर्ण गटाबद्दल इशारा दिला: काही कुत्र्यांमध्ये थरथर, तोल जाणं आणि झटके दिसतात, पूर्वी कधी झटके न आलेल्या कुत्र्यांतही. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण ज्याला अपस्मार आहे त्याला मी स्वतः गोळी देणार नाही. दुसरं, गोळी चविष्ट करायला त्यात मांसाची चव आणि काहींत सोया असतो. तुमच्या कुत्र्याची खाज अन्नाच्या ॲलर्जीची असेल आणि डॉक्टरांनी कडक पथ्य दिलं असेल, तर एका गोळीने पथ्य मोडू शकतं. हे आधी बोलून घ्या. तिसरं, मोठ्या वजनाच्या कुत्र्याची गोळी स्वस्त पडते म्हणून तिचे तुकडे करून दोन कुत्र्यांना देऊ नका. औषध गोळीत सगळीकडे सारखं असेल याची खात्री नसते.

गोचिडांचं थोडं वेगळं आहे. नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या मागे द्राक्षबाग आणि शेजारी गोठा आहे, त्यामुळे दोष कायम गोठ्यावर जातो. पण कुत्र्यांवर आपल्याकडे मुख्यतः दिसतो तो तपकिरी गोचीड वेगळ्याच जातीचा. बाळपणापासून तिन्ही अवस्थांत त्याला कुत्रंच आवडतं, आणि पोट भरलं की तो भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या मागे, पायरीच्या फटीत जाऊन बसतो. एक मादी हजारांनी अंडी घालते. नाशिकचा एप्रिल-मे त्याला मानवतो. एर्लिकिया आणि बबेसिया या रक्तातल्या जंतूंचे ताप त्याच्यामुळे पसरतात, म्हणून गोचिडांच्या बाबतीत "कातडी नाजूक आहे, सध्या काही नको" हा पर्याय धरूच नका. गोळीनंतरही गोचीड अंगावर चिकटलेला दिसेल, औषध फसलं असं वाटेल. तो रक्त प्यायला लागल्यावर एकदोन दिवसांत मरतो. दिसला की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चटका, रॉकेल, चुना यातलं काही नको.

गोठ्यावरून आठवलं. शेजारचे काका मनापासून म्हणाले होते, "अगं पोरी, एवढे पैसे कशाला घालतेस? आमच्या गाईंचं औषध आहे ना, बादलीत टाक आणि पूस तिला." मी म्हटलं, "काका, तिची कातडी आधीच सोललीये, नको." गाईंसाठीचं अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिन घट्ट असतं, अंदाजाने पातळ केलं की मात्रा चुकते, आणि सोललेल्या कातडीतून ते जास्त आत जातं. कुत्रं ते चाटतं, मग सुस्त पडतं, लाळ गाळतं. काकांना पुढच्या वेळी मी पाकिटावरचं प्रमाण वाचून दाखवलं, त्यांनी ऐकलंही. फिनेल आणि डांबरगोळ्यांचंही तेच, कुत्र्याच्या आसपास नकोत. कडुनिंबाच्या पाण्याने बुंदीला गार वाटायचं, पिसवा मात्र तशाच राहिल्या.

औषधी शाम्पू आणि पट्टे यांवर फार लिहीत नाही. शाम्पूने आज अंगावर असलेल्या पिसवा मरतात, उद्याच्या येतात. पट्टा चोवीस तास मानेला घासतो, नाजूक कातडीला तो मी लावणार नाही.

आणि कोणतंही औषध निवडलंत तरी पिसवांची बहुतांश फौज कुत्र्यावर नसतेच. अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत, सोफ्याखाली, फरशीच्या सांध्यात असतात, आणि कोषातली पिसू महिनोन्‌महिने दम धरून बसू शकते. बुंदीची गोधडी मी दर रविवारी कढत पाण्यात धुते आणि गच्चीवर कडक उन्हात टाकते. पायरीच्या फटी सिमेंटने बुजवून घेतल्या. तिचं वजन साडेसोळा किलो, म्हणून 10 ते 25 किलो वजनाच्या कुत्र्यांची गोळी, दर महिन्याच्या 5 तारखेला, संध्याकाळच्या भाकरी-दुधाबरोबर. शेपटीपाशी केस परत यायला तीन महिने लागले. खांद्यावरचा चट्टा मात्र थेंब बंद केल्यावर आठवड्यातच गेला होता.