आधी मोरी, मग इंजिन

बंद पडलेला रेल्वेमार्ग पुन्हा सुरू होतो तेव्हा फोटो निघतात ते इंजिनाचे. लखलखीत पितळ, वाफेचे लोट, खिडकीतून डोकावणारा काळवंडलेला ड्रायव्हर. त्याच मार्गावर काही वर्षं आधी कुणीतरी डोक्याला दिवा बांधून रुळांखालून पाणी काढून देणाऱ्या विटांच्या मोरीत सरपटत शिरलेलं असतं आणि बादली-बादलीने गाळ बाहेर देत असतं. त्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. माझ्या मते मात्र रेल्वे जिवंत होते ती तिथे, त्या मोरीत.

ब्रिटनमध्ये 1963 सालच्या बीचिंग अहवालाने सुमारे 8,000 किलोमीटर मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानकं बंद करण्याची शिफारस केली. असे मार्ग जिवंत ठेवणारी स्वयंसेवकांची चळवळ मात्र त्याच्याही आधीची. वेल्समधल्या खाणीतून पाटीचा दगड वाहून आणणारी टॅलीलिन ही चिमुकली रेल्वे 1951 साली हौशी मंडळींनी चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ही पहिली जतन केलेली रेल्वे. तेव्हा तिच्यापाशी धावू शकणारं एकच इंजिन होतं, 1866 सालचं डॉलगोख. स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके, तर इतके कुजलेले की काही ठिकाणी दोन रुळांमधलं अंतर गवताच्या मुळ्यांनीच धरून ठेवलं होतं, असं सांगतात. तिथे साफसफाईच्या उत्साहात गवत उपटलं असतं तर गाडीच घसरली असती!

रूळ गंजून मार्ग मरतो असं आपल्याला वाटतं. खरं तर जाडजूड पोलादी रूळ बरीच वर्षं तग धरतो. मार्ग मरतो तो पाण्याने. इंजिनाच्या एका आसावर अठरा-वीस टन वजन असू शकतं आणि चाक रुळाला टेकतं ते जेमतेम नखाएवढ्या जागेवर. तो भार रुळाकडून स्लीपरकडे, स्लीपरकडून खडीकडे आणि खडीतून जमिनीत पसरत जातो. खडीचे दगड मुद्दाम टोकदार निवडतात, म्हणजे ते एकमेकांत अडकून बसतात आणि त्यांच्या फटींतून पाणी निघून जातं. गटारं तुंबली, मोरीत झाडांची मुळं शिरली, की खालची चिकणमाती भिजून मऊ होते. मग प्रत्येक चाक पंपासारखं काम करतं. स्लीपर दबतो, उचलला जातो आणि खालचा चिखल खडीत वर चढतो. फटी बुजल्या की पाणी आणखी साचतं. वरून कितीही नवी खडी ओता, निचरा होत नसेल तर ती खड्ड्यात गेलीच म्हणून समजा.

म्हणून ही मंडळी आधी मोऱ्या आणि गटारं उपसतात. जुन्या विटांच्या सांध्यांत पुष्कळदा सिमेंट न भरता चुना भरतात. चुना थोडी हालचाल सोसतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. सिमेंट टणक, ते ओल कोंडतं आणि मग वीटच फुटते. भरावात बॅजरने बीळ केलं असेल तर आणखी पंचाईत. ब्रिटनमध्ये 1992 च्या कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे, त्यामुळे परवाना मिळेपर्यंत फावडं खाली ठेवावं लागतं.

पाणी कधीकधी मदतही करतं. जुन्या पद्धतीच्या मार्गांवर रूळ ‘खुर्ची’ म्हणतात त्या बिडाच्या बैठकीत बसवतात आणि लाकडी पाचर ठोकून घट्ट करतात. पावसात ओकची पाचर फुगते आणि रूळ आवळून धरते. कोरड्या उन्हाळ्यात तीच आकसते आणि निसटून पडते. मग कुणीतरी लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून मैलोन्‌मैल चालायचं, पडलेल्या पाचरी पुन्हा ठोकायच्या.

इंजिनाचा तर जीवच पाण्यात. साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 पट जागा मागते. बॉयलरमध्ये ती कोंडलेली असते. हवेच्या दाबाच्या पंधरा पट दाबाखाली पाणी उकळतं ते 200 अंश सेल्सिअसच्या आसपास. आगीची पेटी बऱ्याच ब्रिटिश इंजिनांत तांब्याची असते आणि तिच्या भोवतीचं कवच पोलादाचं. 180 अंशांनी तापल्यावर दोन मीटर तांबं सुमारे सहा मिलिमीटर वाढतं, तेवढंच पोलाद चार. ही ओढाताण दोघांना जोडणाऱ्या शेकडो खिळ्यांना सोसावी लागते, म्हणून थंड इंजिन घाईने पेटवत नाहीत. मोठ्या इंजिनाला आदल्या दिवशीच मंद आग देतात.

पेटीच्या छतावर कायम पाणी हवं. आग हजार अंशांच्या वर असली तरी पाणी उष्णता ओढून घेतं, म्हणून धातू तगतो. पाण्याची पातळी उतरली तर? त्यासाठी छतात शिसं भरलेलं बूच बसवलेलं असतं. शिसं 327 अंशांना वितळतं आणि वाफ फुसकन आगीत शिरून कोळसा टाकणाऱ्या फायरमनला सावध करते.

दुरुस्तीनंतर बॉयलर तपासतात तोही पाण्यानेच. आत काठोकाठ पाणी भरून नेहमीच्या दीडपट दाब देतात. हवा भरली असती आणि पत्रा फाटला असता, तर दाबलेली हवा बॉम्बसारखी उसळली असती. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे चीर पडली तर दोन-चार धारा उडतात आणि दाब उतरतो. तपासणारा टॉर्च घेऊन शांतपणे जवळ जाऊ शकतो.

आणि हंगाम संपला की थंडीआधी हेच पाणी बाहेर काढावं लागतं. गोठताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि बारीक नळ्या सरळ चिरतं. शेवटच्या गाडीनंतर इंजिन निवलं की एकजण पान्हा घेऊन खाली वाकतो आणि एकेक तोटी उघडत जातो. शेडच्या फरशीवरून पाण्याचा ओघळ निघतो आणि उपसलेल्या गटाराकडे वाहत जातो.