फूल राहू द्या, आधी पान बघा

न्यू जर्सीतल्या भाच्याने जुलैअखेर फोटो पाठवला. ओकच्या झाडांखाली पाचोळ्यातून वर आलेला वीत-दीड वीत दांडा, त्यावर दाटीने बसलेली इवली पांढरी फुलं. "मामा, हे काय? ॲप तीन नावं सांगतंय."

पांढऱ्या तुऱ्यावरून ओळखायला गेलं की असंच होतं. पानं जमिनीलगत चक्राकार, निळसर हिरवी, मधोमध रुंद पांढरा पट्टा आणि भोवती पांढऱ्या शिरांची जाळी असेल, दांड्यावर बारीक लव असेल, तर ते गुडियेरा प्युबेसेन्स, म्हणजे ऑर्किडच. पांढरा पट्टा तिथल्याच किमाफिला नावाच्या दुसऱ्या रानरोपाच्या पानावरही असतो, पण त्याच्या कडा दातेरी असतात आणि जाळी नसते.

जाळी सापाच्या कातडीसारखी दिसते, म्हणून तिकडे याला 'रॅटलस्नेक प्लँटेन' म्हणतात. पूर्वी सर्पदंशावर ते वापरायचेही. दिसतं सापासारखं, म्हणून उतरवतं सापाचं विष! हे तर्कशास्त्र आपल्याला नवीन नाही. साप चावला तर पाला शोधू नका, दवाखाना गाठा.

सदाहरित असण्याचा फायदा सरळ आहे. ओकची पानं झडली की जमिनीवर ऊन पोचतं, आणि तेव्हा याची पानं तयारच असतात. पण खरी गंमत मातीखाली आहे.

ऑर्किडचं बी धुळीएवढं. भ्रूणपोष नाही, म्हणजे शिदोरीच नाही. ट्युलास्नेलासारखी बुरशी आत शिरल्याशिवाय ते वाढत नाही. बुरशीचे तंतू पेशींत वेटोळी करतात, भ्रूण ती वेटोळी पचवतो आणि त्यातल्या कार्बनवर हिरवं पान फुटेपर्यंत जगतो. मोठेपणी परतफेड होते का? याच्याच भाऊबंदाच्या, गुडियेरा रेपेन्सच्या, 2006 सालच्या प्रयोगात किरणोत्सारी कार्बन पानाकडून बुरशीत जाताना दिसला, आणि बुरशीकडून नायट्रोजन रोपात. प्युबेसेन्सचं रोप तर वर्षानुवर्षं एकाच बुरशीला धरून राहतं. जोडीदार बदलताना ते दिसलं, ते दुष्काळाचा ताण आल्यावर. म्हणूनच जंगलातून उपटून कुंडीत लावायचा मोह टाळावा.

पश्चिम घाटातही ओढ्याकाठी या कुळातलं गुडियेरा प्रोसेरा सापडतं. तुरा तसाच दाट, पांढरट, पण पान साधं हिरवं. तिथे जाळीची खूण शोधत बसू नका.