शूटआउटमधले गोल सामन्यात धरतात का?

फुटबॉलच्या कप स्पर्धांचा हंगाम आला की एक मेसेज फिरतो: ‘पेनल्टी शूटआउटमधले गोल सामन्याच्या स्कोअरमध्ये आणि खेळाडूच्या खात्यात जमा होतात.’ शूटआउट म्हणजे सामना बरोबरीत राहिला तर विजेता ठरवण्यासाठी दोन्ही संघ आळीपाळीने मारतात त्या पेनल्टी, म्हणजे फक्त गोलकीपरसमोर मारायचे फटके. टीव्हीवर सामन्याचा आणि शूटआउटचा असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तसं नाही.

इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेची २००५ची फायनल घ्या. जादा वेळ संपला तेव्हा स्कोअर ०-० होता, शूटआउट ५-४ असं सुटलं. नोंदवहीत तो सामना ०-० बरोबरीचाच आहे. ५-४ हा आकडा फक्त कप कोणाला मिळाला ते सांगतो. पूर्वी तर फायनल बरोबरीत सुटली की ती पुन्हा खेळवत. १९९३मध्ये तसंच झालं होतं. शूटआउट आलं ते त्या फेरसामन्याच्या जागी.

याची खूण मैदानावरही दिसते. सामन्यातल्या पेनल्टीवर गोलकीपरने चेंडू परतवला, तर मारणारा धावत जाऊन तो पुन्हा जाळ्यात मारू शकतो. शूटआउटमध्ये ते चालत नाही. एक फटका, विषय संपला. सामन्यात मिळालेलं ताकिदीचं पिवळं कार्डही शूटआउटमध्ये पुढे धरत नाहीत. कारण नियमांनुसार सामना तिथे संपलेलाच असतो.

स्वतः तपासायचं असेल तर खेळाच्या नियमावलीतला दहावा नियम वाचा. मग २००६च्या एफए कप फायनलचा निकाल शोधा: ३-३, आणि शूटआउटचा ३-१ वेगळा लिहिलेला सापडेल.